मागं सायकली हायेत

आमच्या ह्यांचं डोकं कधी काय काढील याचा नेम नसे. सन सदतीसची गोष्ट. हिंगोलीत तेव्हा मोटारी मोजक्या, त्यातली एक आमची. एवढीशी, दोनच दारांची, मागच्या काचा न उघडणाऱ्या, बाजूच्या सगळ्या काचांना पडदे आणि पुढच्या-मागच्या बैठकीच्या मध्येही एक पडदा. आम्ही देशमुखांच्या सुना गोषातल्या. परक्या पुरुषाला आमचा चेहरा तर सोडाच, आवाजसुद्धा ऐकू जाता कामा नये. अशा बायकोला ह्यांनी हौसेने सायकल शिकवली, तीही परसातल्या उंच भिंतींच्या आत. आठ पायडलं मारली की विहीर, वळलं की गोठा, परत विहीर. चार महिने मी घाण्याच्या बैलासारखी फिरले. चक्कर यायची, तरी सोडवत नव्हतं. मला फक्त एक सरळ रस्ता हवा होता, न वळता जाता येईल असा.

हे म्हणाले, “पुसेगावच्या वाटंला माळ हाय. तिथं कुनी फिरकत न्हाई. तिथं चालव.”

पण माझी आणि ह्यांची, अशा दोन सायकली तिथवर न्यायच्या कशा? टपावर बांधल्या तर बिनदांडीची जनानी सायकल साऱ्या बाजाराला दिसणार, आणि संध्याकाळच्या आत ह्यांच्या मामांना कळणार. मामासाहेबांचा शब्द आमच्या घरात शेवटचा. स्वतःच्या नातीचं शाळेतलं नाव त्यांनी तिसरीतच काढून घेतलं होतं. त्यांना कळतं, तर सायकली दुसऱ्या दिवशी विकल्या गेल्या असत्या आणि माझ्या नशिबी ती विहीरही उरली नसती.

म्हणून सायकली मोटारीच्या आतून न्यायच्या ठरल्या. ह्यांनी मागची गादी काढून टाकली, सुतळीला गाठी मारून आतलं माप घेतलं आणि इनायत सुताराला बोलावलं. इनायत टांगे दुरुस्त करायचा, हात बाकी सोन्याचा. त्याने बाभळीच्या फळ्यांचा सांगाडा केला. सायकलींची पुढची चाकं काढायची, चाक धरणारे मोकळे चिमटे आडव्या दांड्यावर बसवायचे, मागची चाकं खाचेत. एक सायकल या अंगाला, एक त्या अंगाला. गचक्याने सायकली पुढे येऊन चालवणाऱ्याच्या पाठीत बसू नयेत म्हणून छातीएवढी उंच फळी आडवी टाकायची आणि पुढच्या बाजूने खाली, अगदी तळाशी, लाकडी खिट्टी ठोकायची. इनायतने सांगाडा गदगदा हलवून दाखवला. काही हललं नाही. हे इतके खूश झाले की पाहुण्यांना द्यायचा चहा त्याला दोनदा दिला.

गोषातल्या बाईला पुढे बसता येत नसे, म्हणून सायकलींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पाट टाकून मी बसायची. एक पायडल बरगडीत, दुसरं गुडघ्यावर. घंटी वाटेत वाजू नये म्हणून तिला चिंधी गुंडाळलेली. मी एकदा म्हटलं, “आतून उघडायचं कसं?” तर हे म्हणाले, “मी हाय की.”

तीनदा गेलो. माळावर मी सायकल सोडली ती सुटलीच. पदर फडफडत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला मोठ्याने हसू येत होतं. हे मागून ओरडत होते, “अगं, ब्रेक!” त्या सुखासाठी मी पायडलं, गचके, सगळं सोसलं.

चौथ्या वेळी वैशाख होता. निम्म्या वाटेवर मामासाहेब दिसले. त्यांच्या बैलगाडीचा आस मोडला होता. मोटार थांबवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ते पुढे येऊन बसले. माझ्यात आणि त्यांच्या पागोट्यात एक फळी आणि एक पडदा.

“मागं काय हाय रे, व्यंकटराव?”

“सायकली हायेत, मामा.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मी पाटावर बसून ते ऐकलं. राग आला. पण मीही श्वास रोखूनच बसले होते, मग त्यांना एकट्यांना काय बोलायचं!

मामांच्या शेताच्या बांधावरून तंटा होता, पंच जमले होते. मळ्याकडे मोटार जात नव्हती. रस्त्याकडेला थांबवून हे म्हणाले, “मी हितंच थांबतो.” मामा म्हणाले, “काहून? मोटारीला काय पोरगं झालंय? चल.” ह्यांनी उतरताना दोन्ही काचा नीट वर केल्या, गोषासाठी. दार लागलं. पावलं लांब गेली.

आधी घाम आला. मग घाम येईनासा झाला. पत्रा तापला, रबराचा आणि तेलाचा वास नाकात बसला. मी फळीवरून हात घातला, खांदा निखळेस्तोवर घातला, तरी खिट्टी वीतभर लांब. वरून निघायला जावं तर टप डोक्याला आणि हँडल पोटाला. हाक मारावी तर कुणाला? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मामांना कळू द्यायचं नाही, परक्याला आवाज ऐकवायचा नाही. मला खरोखर वाटलं, आपण इथेच मरणार. आणि घरी सांगतील, सायकली होत्या.

तेवढ्यात मेंढरांचा आवाज आला. मागून माणसाचा.

“मोटार कुनाची म्हनावं? कोन हाय का आत?”

मी तोंडात पदर कोंबला. सवय अशी की जीव जात असताना ती आधी आठवते. तो जरासा थांबला आणि निघाला. मेंढरं लांब जायला लागली. मी घंटीची चिंधी दातांनी सोडली आणि वाजवली. एकदा. मग वाजवतच राहिले.

दार उघडलं. पडद्याखालून मी हात काढून खालच्या खिट्टीकडे बोट केलं. बांगड्या पाहून तो दचकला. “आरं देवा, बाईमानूस!” त्याने तोंड फिरवलं, चाचपत खिट्टी उपटली, फळी बाजूला केली. पाण्याचा भोपळा जमिनीवर ठेवून पाठ करून उभा राहिला. “म्या ज्ञानबा धनगर. पानी प्या, माय. म्या बगत न्हाई.”

मी प्याले, तोंडावर मारलं, बाहेरच्या वाऱ्यात उभी राहिले. समोर सरळ रस्ता होता. मग मळ्याच्या बाजूने मामांचा खोकला ऐकू आला, आणि मी काय केलं? भोपळा परत ठेवला. घंटीला चिंधी गुंडाळली. पुन्हा आत शिरले, पाटावर बसले आणि फळी आपल्या हाताने ओढून घेतली. ज्ञानबाने न बघताच दार लावलं आणि मेंढरांमागे गेला. खिट्टी तेवढी फळीच्या पलीकडे, पुढच्या बैठकीखाली पडून राहिली.

मामांना त्यांच्या दारात सोडल्यावर ह्यांना ती पायाशी सापडली. “ही कशी निघाली?” मी सगळं सांगितलं. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. 

दुसऱ्या दिवशी इनायत परसात आला. मी माजघराच्या दाराआड उभी होते.

“खिट्टी आतून बसव,” हे म्हणाले.

“आतून काहून, सरकार?” इनायत हसला. “सायकली काय आपल्या हातानं उघडून उतरनार हायेत? काम बराबर केलंय म्या.”

काम बरोबरच होतं. आत माणूस बसणार, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ह्यांनी घसा खाकरला. माझ्या दाराकडे पाहिलं, इनायतकडे पाहिलं. “बरं,” म्हणाले, “ऱ्हाऊ दे मग. हाय तशीच ऱ्हाऊ दे.”

इनायत अवजारं गोळा करायला लागला.

“आत मी बसते, इनायतभाई,” मी दाराआडून म्हणाले.

ह्यांनी डोळे मिटून घेतले. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत माझा आवाज परक्या माणसाने ऐकला तो असा. इनायतने भिंतीकडे तोंड केलं. मग पिशवीतून माप घ्यायची सुतळी काढली.

“किती जागा सोडू, बाईसाहेब?”

“दोन हात,” मी म्हणाले. “पाय लांब करता आले पायजेत. अन् खिट्टी माझ्या बाजूनं.”