गेल्या वर्षीचं पोळं

पूर किती येणार, हे अमेझॉनकाठच्या आमच्या सात घरांना मी सांगते. माझ्याआधी माझी आई सांगायची. यात जादूटोणा काही नाही. पाणी पोचणार नाही अशा उंचीवर गांधीलमाश्या पोळं बांधतात. आपण पोळं बघायचं आणि कसावाचे कंद काढायचे की ठेवायचे ते ठरवायचं.

यंदा काठच्या झाडावर पोळं माझ्या छातीइतकंच उंच होतं. होडीतूनच पाहिलं आणि सांगून टाकलं, "पूर बेताचा. कंद राहू देत, अजून दोन महिने पोसतील."

"वहिनी, नदी माश्यांना निरोप धाडते वाटतं?" धाकटा दीर एदिवाल्दो म्हणाला. त्याला कंद लगेच काढायचे होते.

"तुम्हाला तर धाडत नाही ना, भावजी? मग गप बसा."



आठ दिवसांनी माझी नवी सून जोसेली तेच पोळं दोन्ही हातांत धरून दारात उभी. पोरगी शहरातली, तिला कशाचं भय नाही. "अगं टाक ते. फोडून काढतील."

"कोण फोडतंय, आई? रिकामं आहे." तिनं ते उलटं केलं. आत कोळ्याची जाळी. "गेल्या वर्षीचं आहे हे. नवं वर आहे."

जाऊन पाहिलं. नवं पोळं दोन पुरुष उंच, माश्यांची ये-जा चाललेली. खाली पाणी बुंध्याला लागलेलं. कंद बुडाले की कुजतात, आणि सात घरांचं वर्षाचं पीठ माझ्या एका शब्दावर जमिनीत पडून होतं.

लाज वाटली. खूप वाटली. पण ती धरून बसायला वेळ कुठे होता? जुनं पोळं घेऊन घरोघर गेले. "मी चुकले. आजच कंद काढा." एदिवाल्दोचं दार मुद्दाम शेवटी ठेवलं.

आता हा हसणार, म्हणून तोंड घट्ट मिटून उभी राहिले. त्यानं पोळ्यात डोकावलं, टोपली उचलली आणि म्हणाला, "आधी तुमचं शेत, वहिनी. तुमचं सगळ्यात खाली आहे."

पाच दिवस सगळे राबलो. सहाव्या दिवशी शेतं पाण्याखाली गेली. पुढे पाणी खांबांवर उभ्या घराच्या जमिनीच्या फळ्यांवर गुडघाभर चढलं आणि नव्या पोळ्याच्या हातभर खाली थांबलं. भाजलेलं पीठ आढ्याला टांगलेलं होतं, कोरडं.

माश्या चुकल्या नव्हत्या, हे मी सगळ्यांना बजावून सांगितलं. पुढच्या वर्षी पोळ्यापाशी जोसेली जाईल, होडी मी धरीन. सांगणार मात्र मीच. एदिवाल्दो विचारेल, "वहिनी, आत माश्या आहेत ना?" विचारू दे. त्याचा हक्क आहे.