ठिपकेदार डोळ्यांच्या माश्या

बायको प्रिसिला गेल्याचा फोन इस्पितळातून आला, त्या सकाळी जासिंत तिच्या फळमाश्यांच्या बाटल्या सावलीत सरकवत होता. ती जामसंड्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. या माश्यांचे डोळे पांढरे, त्यांवर लाल ठिपके. ती सांगायची, "लाल रंगाचो जीन धड आसा ओ, पण गुणसूत्राचो तुकडो उलटलो नि तो बंद भागाशेजारी जाऊन बसलो. म्हणान काय पेशींत जागो, काय पेशींत गप. उंदरात, माणसातय असा होता."

पुढच्या आठवड्यात शनिवारी लेक ग्लिनिस पुण्याहून पुन्हा येऊन आईच्या माश्या आपल्या प्रयोगशाळेत नेणार होती.

सातव्या दिवशी घरात तेर्साच्या, म्हणजे जपमाळेच्या, प्रार्थनेला माणसे जमली. त्यांना डास चावू नयेत म्हणून जासिंतने सवयीने कॉइल पेटवली. माणसे पांगल्यावर पाहतो तो धुराने सगळ्या माश्या उताण्या.

शेजारीण तेरेझा म्हणाली, "माश्यांक रडतंस काय रे? माझ्या केळ्यांर ढीगभर आसत, घेऊन जा!"

"केळ्यांरच्या माश्यांचे डोळे नुसते लाल गो. ही ठिपक्यांची जात खंय गावतली?"

एका बाटलीच्या तळाशी त्याच माश्यांच्या चार अळ्या हलत होत्या. जासिंत रात्रभर तासातासाला उठून त्या मोजू लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांतल्या तीनच हलताना दिसल्या.

ग्लिनिसला त्याने अजून काही कळवलेले नाही.