चौथ्या ओळीतला इशारा

तुम्ही वाचत नाही. मी कुणाचं नाव घेत नाही, पण माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला हे लागू आहे. मी ओळीमागून ओळ लिहीत जाते आणि तुम्ही शेवटची ओळ पाहून मला मिटून टाकता.

मी संगणकातली काळी खिडकी बोलतेय. मला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आज्ञा टाइप करायला कुणी बोलावलं की मी जन्मते, कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं की संपते. असे हजारो जन्म झाले. त्यातला हा एक.

आमचं घर विंडोजचं. मेंदूचे स्कॅन तपासणारं सॉफ्टवेअर मात्र दुसऱ्याच प्रणालीसाठी लिहिलेलं. प्रयोगशाळेतल्या संशोधक मुलीनं तीन दिवस खपून विंडोजच्या पोटात त्याला वेगळी खोली काढून दिली. त्या खोलीचं दार म्हणजे मी. आज्ञा तिनं इंटरनेटवरून जशाच्या तशा उचलल्या. एकही चालेना, तेव्हा ती मला "मेले" म्हणाली. मी लिहिलं, "आज्ञा सापडली नाही." आमची ओळख ही अशी झाली.

त्या दिवशी एका फरशी बसवणाऱ्याचा स्कॅन आला. त्याला फिट्स यायच्या. मेंदूतला व्रण इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसेना. तो कुठल्या बाजूला आहे, हे आमच्या अहवालावरून ठरणार होतं, आणि दुसऱ्या दिवशी सर्जन तीच बाजू उघडणार होते.

मी सहा तास राबले. चौथ्याच ओळीत लिहिलं, "दिशेची नोंद नाही. डावं-उजवं गृहीत धरत आहे." शेवटी लिहिलं, "काम पूर्ण." निष्कर्ष आला, व्रण उजवीकडे.

"पूर्ण झालं ना? पाठवून दे," प्रयोगशाळेचे प्रमुख, तिचे सर म्हणाले.

अहवालाला जोडायला म्हणून मुलगी माझा मजकूर उचलू लागली आणि चौथ्या ओळीवर थबकली.

"सर, हे बघा."

"अगं, इशाराच आहे तो, चूक थोडीच आहे? असले रोज येतात."

"रोज येतात म्हणून रोज वाचायचे नाहीत?"

सर चष्मा पुसत बसले. मला ती मुलगी तेव्हापासून आवडते.

स्कॅनच्या आधी रुग्णाच्या एका कानशिलावर तेलाची गोळी पट्टीनं चिकटवतात. चित्रात ती पांढरा ठिपका होऊन उमटते, म्हणजे बाजू कळावी. इथे ठिपका डावीकडे होता. तिनं तंत्रज्ञाला विचारलं.

"मी उजवीकडेच लावतो," तो म्हणाला. "पण त्या दिवशी मी रजेवर होतो. बदली माणसाचं मी काय सांगू?"

बदली माणूस फोन उचलेना. मग तिनं थेट रुग्णाच्या घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्याच्या बायकोनं उचलला.

"उजव्या कानशिलावर," ती लगेच म्हणाली. "पट्टी मीच ओढून काढली. भुवईचे केस निघून आले, अजून बोलतात मला."

म्हणजे चित्र उलटं होतं आणि व्रण डावीकडे. मुलीनं सर्जनला कळवलं, दिशा दुरुस्त केली आणि सगळं पुन्हा चालवलं.

एवढंच मागणं आहे, फुलीवर जाण्याआधी एकदा वर सरकून बघत जा. मी उगाच बोलत नाही.

आणि हो, मुलीनं फोन ठेवण्याआधीचं एक सांगायचं राहिलं. पलीकडून ती बाई कुणाला तरी सांगत होती, "एवढी यंत्रं यांच्याकडे, आणि शेवटी विचारायचं मलाच!"