बघतो

त्या घरात ‘नाही’ म्हणायची पद्धतच नव्हती. ‘नाही’ म्हणणं कसं रोखठोक, जरा असंस्कृतच. त्याऐवजी सासरे ‘बघतो’ म्हणत, आणि समोरचा माणूस काय ते समजून चहा संपवून उठे. धाकट्या सुनेला मात्र लग्नाला इतकी वर्षं होऊनही हे ठाऊक नव्हतं, कारण तिने त्यांच्याकडे कधी काही मागितलंच नव्हतं.

तिच्या माहेरी ‘बघतो’चा अर्थ वेगळा होता. तिचे वडील नळदुरुस्तीची कामं करायचे. शेजारची कुणी बाई, मोरीत पाणी तुंबलंय म्हणून रडकुंडीला आली की ते ‘बघतो’ म्हणायचे आणि म्हणता म्हणता चपलेत पाय घालायचे. शब्द तोच. एका घरात तो बोलला की बोलणारा उठायचा, दुसऱ्या घरात ऐकणारा.

सासरे मोठ्या सरकारी हॉस्पिटलचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. सगळं गाव त्यांना साहेब म्हणे. खुर्ची सुटली तरी दरारा सुटला नव्हता. त्यांनी फोन उचलायचा अवकाश, तिकडे खाट रिकामी होत असे. ती कुणाची रिकामी होते, हे विचारायच्या फंदात घरात कुणी पडत नसे.

धाकटीचा दादा फरशा घासायच्या कारखान्यात कामाला होता. दुसऱ्यांच्या घरातल्या फरशांना चकाकी आणता आणता त्याच्या छातीत धूळ जाऊन बसली. त्या थंडीत तर त्याला एक वाक्य सलग बोलता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, वेळ काढू नका, भरती करा. सरकारी हॉस्पिटलात नंबर लावून झाला होता, पण तो कधी लागेल याचा पत्ता नव्हता. शेजारच्या गावी एका लहानशा हॉस्पिटलात खाट मिळत होती. ती ते उद्यापर्यंतच धरून ठेवणार होते.

वहिनीने फोन केला. “ताई, काय करू? तिकडे हलवू का यांना?”

“थांब जरा. मी बाबांना विचारते.”

सासऱ्यांपुढे चहा ठेवून धाकटी उभी राहिली. अडखळत दादाचं सांगायला लागली. साहेबांनी पेपर बाजूला ठेवून सगळं नीट ऐकून घेतलं. खोकला कधीपासून, रक्त पडतं का, वजन किती उतरलं, एकेक गोष्ट विचारली. “अरेरे! सोन्यासारखा माणूस,” ते म्हणाले. “तुमच्या लग्नात किती राबला होता बिचारा!” त्यांचे डोळे खरोखरच पाणावले. “बघतो हं मी.”

तिचा जीव भांड्यात पडला. आत जाऊन तिने लगेच फोन लावला. “वहिनी, कुठे हलवू नकोस. बाबा बघतो म्हणालेत.” पलीकडे दादाचं हसू आणि खोकला एकदमच ऐकू आला. वहिनीने त्या लहान हॉस्पिटलला नको म्हणून कळवून टाकलं.

त्याच आठवड्यात साहेबांच्या पत्त्यांच्या अड्ड्यातल्या एका मित्राला सगळ्या तपासण्या करून घ्यायची हुक्की आली. माणूस धडधाकट होता, फक्त जिना चढताना दमतो अशी तक्रार. साहेबांनी जेवता जेवता डाव्या हाताने फोन लावला. “खिडकीजवळची खोली दे त्यांना. सकाळचं ऊन आलं पाहिजे.” झालं काम! धाकटी तेव्हा वाढत होती, आणि वेडी मनातून सुखावली. शब्दाला अजून केवढं वजन आहे! आता पुढचा फोन आपलाच.

एकदा तिने चाचरत विषय काढला. “बाबा, ते दादाचं…”

“लक्षात आहे माझ्या,” साहेब म्हणाले.

नवऱ्याने रात्री समजावलं, “बाबांच्या मागे लागू नकोस. त्यांना आवडत नाही.” नवरा स्वभावाने चांगला होता, पण बापापुढे त्याचा आवाज कधी फुटलाच नव्हता.

तिकडे दादा येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगत होता. “बहिणीचे… सासरे… बघतायत.” आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा. एका सकाळी तो तसाच बसल्या जागी गेला.

स्वयंपाकघरात धाकटी रडत होती तेव्हा थोरली जाऊ पाठीवर हात फिरवत म्हणाली, “अगं, बाबा ‘बघतो’ म्हणाले होते ना? मग तू त्याला दुसरीकडे का नाही हलवायला सांगितलंस? करायचं असलं की ते बोलत नाहीत, सरळ फोन उचलतात. मला वाटलं, तुला ठाऊक असेल.” मीठ कुठल्या डब्यात असतं ते सांगावं इतक्या सहज ती हे सांगत होती.

साहेब दादाच्या घरी भेटायला गेले. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून चालत घरापर्यंत गेले, याचंही गल्लीत कौतुक झालं. घरात असलेली एकुलती एक खुर्ची त्यांना दिली. वहिनी हात जोडून म्हणाली, “तुम्ही एवढं मनावर घेतलंत. आमचंच नशीब फुटकं.”

“शेवटी आपल्या हातात काय असतं?” साहेब म्हणाले, आणि पुन्हा त्यांचे डोळे भरून आले. ढोंग असतं तर एक वेळ परवडलं असतं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. दाराशी उभ्या असलेल्या धाकटीला ओरडून सगळं सांगावंसं वाटलं, पण जीभ रेटेना. त्याच गाडीतून परत जायचं होतं, त्याच टेबलावर जेवायचं होतं. स्वतःची तिला मनस्वी लाज वाटली.

साहेब गाडीकडे गेल्यावर वहिनीने तिला उंबऱ्याशी थांबवलं. “ताई, आमच्या पोरीला नर्सच्या नोकरीसाठी बोलावणं आलंय, पण फार लांब. साहेब इथेच कुठे शब्द टाकणार असतील, तर थांबवून घेते तिला. विचाराल?”

‘विचारते’ म्हटलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. निदान त्या दिवशी तरी.

“थांबवू नकोस,” धाकटी म्हणाली. “जाऊ दे तिला. ते काही करायचे नाहीत, वहिनी.”

“असं काय म्हणता? यांच्या वेळी तर त्यांनी…” वहिनी बोलता बोलता थांबली. तिने धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं. “यांच्या वेळीही?”

धाकटीने तिचा हात धरला.

“तुला माहीत होतं?”

“तेव्हा नव्हतं गं. शपथ घेऊन सांगते.”

वहिनीला ते पटलं की नाही, कळलं नाही. तिने हात सोडवून घेतला. “रोज सकाळी धुतलेला शर्ट घालून बसवायचे मी त्यांना,” ती म्हणाली. “साहेबांचा निरोप आला आणि आमच्यामुळे उशीर झाला, असं नको व्हायला म्हणून. हात वर करताना जीव जायचा त्यांचा. तरी घालायचे.”

एवढं बोलून ती आत गेली. धाकटी तिच्या मागोमाग दारापर्यंत गेली, पण आत पाऊल टाकायचा तिला धीर झाला नाही.