खाडीराणी लॉन्सवरची हळद

मेघालीने आजवर पुढाऱ्यांना नाही नाही ते विकलं होतं, पण स्वतःच्या अंगाला लागणारी हळद पणाला लावायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

तिचा आणि तिच्या मामाचा, म्हणजे दाजीचा, धंदा पुरस्कारांचा. डोंबिवलीत एखादा हॉल घ्यायचा, 'समाजभूषण', 'विकासरत्न' असली ट्रॉफी बनवून घ्यायची आणि आरशात बघितलं की ज्याला आमदार दिसतो असा गल्लीतला पुढारी गाठायचा. हॉलचं भाडं तोच भरणार, शाल त्याच्याच पैशांची, टाळ्या वाजवायला पोरंही त्याचीच. सूत्रसंचालन मेघालीची मैत्रीण रुपाली करायची. काम झालं की तिघं पुरीभाजी खाऊन टिटवाळ्याला घरी. दाजीचा एकच नियम होता. "आपण खोटं बोलायचं नाही गं. माणूस स्वतःचं खोटं स्वतः शिजवतो. आपण फक्त चूल पेटवून द्यायची."

या वेळी मात्र मामला धंद्याचा नव्हता. या वेळी नयन तुरुंगात होता.

नयन कळव्याच्या खाडीकाठचा कोळ्याचा पोरगा. त्याच्या कोळीवाड्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ज्या मैदानात सुकट वाळवायच्या, त्या मैदानावर दोन माजी नगरसेवकांचा डोळा गेला. एक प्रफुल्लशेठ, दुसरा काळुराम. एकाच पक्षातले, वरवर भाऊ-भाऊ. दोघांनी मिळून काठावरची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, तोडली, चिखलात भराव टाकला आणि बघता बघता तिथे खाडीराणी लॉन्स उभं राहिलं, कारंजं आणि प्लास्टिकच्या हत्तींसकट. नयनला "तुला मॅनेजर करतो" म्हणून सांगितलं, चार सह्या घेतल्या आणि कागदावर मालक करून टाकलं. तिवरं तोडल्याची तक्रार वर गेली तेव्हा दोघांनी कॅमेऱ्यासमोर हात वर केले. आमचा त्या लॉनशी काडीचाही संबंध नाही म्हणाले. पोलिसांनी नयनला उचललं. लॉनला टाळं लावायला मात्र कुणाला सवड झाली नाही, लग्नांचा सीझन होता ना.

दोनदा जामीन नाकारला गेला. वकील म्हणाला, खरा मालक समोर येत नाही तोवर पोरगा आतच राहणार. त्या रात्री मेघालीला जेवण गेलं नाही. नयनवर तिचा जीव होता, त्याचाही तिच्यावर. पण नयनची आई मनुबाई अडून बसली होती. मनुबाई धवलारीण होती, म्हणजे आसपासच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नांत हळदीपासून मांडवापर्यंत धवले गाणारी मानाची बाई. तिने मेघालीला दारातच सुनावलं होतं, "लबाडांचे घरची सून मना नको."

तर त्या लबाडांनीच आता कंबर कसली.

महापालिकेच्या निवडणुका कितीतरी वर्षांनी लागल्या होत्या आणि प्रफुल्लशेठ नि काळुराम दोघांनाही एकच उमेदवारी हवी होती. दाजीने पांढराशुभ्र लिननचा शर्ट चढवला, भाड्याची काळी गाडी प्रफुल्लशेठच्या जनसंपर्क कार्यालयासमोर उभी केली आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याला फक्त एवढंच विचारलं, "इथे कुणाचं चालतं हो?" दुसऱ्या चहाला साखर नको म्हणाला आणि निघून गेला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वॉर्डात झालं, वरून पक्षाचा निरीक्षक आलाय, उमेदवारी तोच ठरवणार. दुसऱ्या दिवशी प्रफुल्लशेठच्या माणसाने गाडी गाठून जेवायला बोलावलंसुद्धा.

चिंबोरीचा रस्सा पुढ्यात होता. दाजी सावकाश म्हणाला, "मला काय, पाच हजार माणूस बसेल अशी जागा ज्याच्या हातात, तो माणूस मोठा वाटतो."

"खाडीराणी आपलंच समजा, साहेब." प्रफुल्लशेठने आवाज खाली आणला. "फक्त बोलायचं नाही कुठं."

"अच्छा? काळुराम पण हेच म्हणत होते."

प्रफुल्लशेठच्या हातातली खेकड्याची नांगी हातातच राहिली. काळुरामने अजून असं काही म्हटलं नव्हतं. ते त्याने त्याच संध्याकाळी म्हटलं, दाजीने न विचारता. म्हणजे दाजीचं बोलणं खोटं नव्हतं, थोडं लवकर झालं इतकंच.

"बंद दाराआडचं काही उपयोगाचं नाही," दाजी घरी आल्यावर म्हणाला. "चारचौघांत बोलायला पाहिजेत, आणि स्वतःहून."

"हळदीत बोलतील," मेघाली म्हणाली.

रुपालीने टाळीच दिली. या पट्ट्यात लग्नाला एखादा आला नाही तर चालतं, पण हळद चुकवून चालत नाही. बँजो, मटण, हजार-दोन हजार माणसं, मोठा एलईडी पडदा, सगळं यूट्यूबवर लाईव्ह. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो माईक. माईकवर कुणाचं नाव आधी घेतलं, कुणाचं मागून, यावरून भरल्या ताटावरून माणसं उठलेली आहेत, सख्ख्या चुलत्यांनी वर्षानुवर्षं अबोला धरलेला आहे. शिवाय मुलीकडच्या हळदीला नवरा लागत नाही, तो आपल्या घरी पिवळा होत असतो. खडवलीचा मुलगा आहे म्हणून सांगितलं की झालं. आणि निरीक्षकसाहेबांच्या भाचीची हळद म्हटल्यावर लॉन, मटण नि माणसं दोघा शेठांच्याच खर्चाने येणार होती.

अडलं ते नवरीपाशी. दोन-तीन मुलींना विचारलं तर त्यांच्या आयांनी मारायचंच बाकी ठेवलं. धवले गायला बोलवायला तिघं मनुबाईकडे गेली तेव्हा तिने सगळा बेत ऐकून घेतला आणि मान हलवली.

"पोराला सोडवायला मी काय पन करीन. पन हलद खोटी नसते रं. आंगाला लागली का लागली. मंग लगीन मोडलं तरी ती पोर मोडलेलीच धरतात. कोनाची पोर बसंल?"

"मी बसते," मेघाली म्हणाली.

दाजीने तिच्याकडे चमकून पाहिलं. मनुबाईने मात्र पाहिलंच नाही, पदराला हात पुसत ती आत गेली आणि आतूनच म्हणाली, "येतंय मी धवलं गायला."

हळदीच्या संध्याकाळी खाडीराणी लॉन्सवर ऊन कललं, बँजोवाल्यांनी सूर लावले आणि मेघाली पिवळ्या साडीत पाटावर बसली. आयुष्यभर दुसऱ्याला बोलतं करून पोट भरलेली ती मुलगी, आज तिला तोंड उघडायची सोय नव्हती. बायका पुढे येऊन तिच्या कपाळाला, गालांना, हातांना हळद लावत होत्या. हळद थंडगार होती. नयनला हे कळलं तर काय वाटेल, हा विचार तिने पुन्हा पुन्हा बाजूला सारला. कळणार तर होतंच. तुरुंगात बातम्या बाहेरच्यापेक्षा लवकर पोचतात.

काळुराम आला. पाचही बोटांत अंगठ्या, मागे पोरांचा लोंढा. पहिल्या रांगेत बसलेल्या दाजीशेजारी त्याने खुर्ची ओढली. प्रफुल्लशेठचा मात्र पत्ता नव्हता. थोड्या वेळाने रुपाली हळद लावायच्या निमित्ताने मेघालीच्या कानाशी वाकली. "वाट लागली. वकिलाने त्याला सांगितलंय, त्या लॉनवर पाय ठेवायचा नाही. तो येत नाहीये."

प्रफुल्लशेठ नाही तर काहीच नाही. हळद लागून गेली होती, ती आता परत घेता येणार नव्हती. आणि नयन आतच राहणार होता. तिने क्षणभर डोळे मिटले. मग ओठ न हलवता म्हणाली, "मालक म्हणून काळूचा सत्कार कर. आत्ता. आवाज पूर्ण सोड, आणि लाईव्हची लिंक प्रफुल्लच्या पोरांना पाठव."

रुपाली माईकपाशी पोचली.

"आणि आता सगळ्यात पहिला मानाचा सत्कार," रुपालीचा आवाज पार खाडीच्या पलीकडे गेला. "ज्यांच्या जागेत आज आपण सगळे पाहुणे बसलोय, ते या खाडीराणी लॉन्सचे मालक, काळुराम शेठ."

काळुराम उठता उठता थबकला. त्यालाही कोर्टकचेरी कळत होती. त्याने दाजीकडे पाहिलं. दाजी कौतुकाने मान डोलावत फोनवर कुणाला तरी काहीतरी लिहीत होता. प्रत्यक्षात तो भाड्याच्या गाडीवाल्याला, तयार राहा, असं कळवत होता, पण काळुरामला त्यात स्वतःची उमेदवारी दिसली. तो स्टेजवर चढला, फेटा बांधून घेतला, शाल घेतली आणि माईकही घेतला. "तुमच्या आशीर्वादाने हे लॉन मी उभं केलं," तो म्हणाला. एलईडीवर त्याचं तोंड हत्तीएवढं दिसत होतं.

जेमतेम दोन गाणी झाली असतील. गेटवर गाड्यांचे ब्रेक करकरले, आणि प्रफुल्लशेठ घरातल्या चपलांवरच आत शिरला. माणसं बाजूला झाली. मेघालीला इतका आनंद झाला की हसू दाबायला तिने ओठ चावला.

"कोनाचं लॉन रं?" प्रफुल्लशेठने माईक हिसकावला. प्रमाण भाषा, वकील, उमेदवारी, सगळं गेटबाहेर राहिलं होतं. "कोनी उभं केलं? भराव कोनाचा? तिवरं कोनाचे जेसीबीनं काडली? माजे. ह्यो मालक? ह्याच्या बापानं बगितलेली का खाडी?"

"जेसीबी तुजा असंल," काळुराम दुसऱ्या माईककडे धावला. फेटा कलंडला होता. "पन तक्रार आली तवा फाईल कोनी दाबली? साहेबांना कोनी गप केलं? मी नसतो तर तुजं लॉन पयल्याच मयन्यात पाडलं असतं."

"आन त्या नयनच्या सह्या घ्यायची अक्कल कोनाची? माजी. लय आलाय मालक."

बँजो थांबला होता. हजारभर फोन वर होते. पडद्यावर दोघं एकमेकांची गचांडी धरून मालकी सांगत होते, तीच मालकी जिच्याशी काडीचाही संबंध नसल्याचं त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं. या सगळ्या गोंधळात पाटाजवळ बसलेली मनुबाई मात्र लाईव्हसाठी पुढ्यात ठेवलेल्या छोट्या माईकसमोर गात होती. धवला सुरू केला की मध्ये तोडत नाहीत, मग मांडव पडला तरी बेहत्तर. मेघालीला तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द काही ऐकू येत नव्हते.

प्रफुल्लशेठने वर पाहिलं आणि पडद्यावर त्याला स्वतःचं तोंड दिसलं. त्याने माईक खाली टाकला. पहिल्या रांगेतली निरीक्षकाची खुर्ची रिकामी होती.

तीन-चार दिवसांतच दोघांना अटक झाली, कारण तो व्हिडिओ एव्हाना ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या फोनवर होता आणि पोलिसांना डोळेझाक करायला जागाच उरली नव्हती. उमेदवारी तिसऱ्यालाच गेली. मेघालीला वाटलं, जिंकलो.

नयनचा आणि दोघा शेठांचा जामीन एकाच दिवशी सुनावणीला आला, तेव्हा कोर्टात मात्र प्रफुल्लशेठच्या वकिलाने डाव उलटवला. वकील हुशार होता. "मॅडम, हा सगळा सापळा आहे," तो न्यायाधीश बाईंना म्हणाला. "खडवलीत चौकशी केली, तिथे असा कुणी मुलगाच नाही. नवरा नाही, लग्न नाही, हळद बनावट. हे पुरस्कार विकणारे भामटे आहेत. माझ्या अशिलाला फूस लावून, चिथावून ते वदवून घेतलंय. व्हिडिओ बाजूला ठेवावा आणि या लोकांवरच गुन्हा दाखल करावा."

समोर पोलिसांच्या मधे नयन उभा होता, वाळलेला, दाढी वाढलेली. आल्यापासून त्याने मेघालीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. हळदीची बातमी त्याला पोचली होती, बाकीचं कुणी पोचवलं नव्हतं. आणि आता तिला कितीही थापा सुचत असल्या तरी इथे एकही चालणार नव्हती.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "ही हळद खरी होती की नव्हती? कुणी सांगू शकेल?"

मागच्या बाकावरून मनुबाई उठली. डोक्यावर पदर, हिरवं लुगडं, कानात जुने सोन्याचे भोकर. "मी सांगतंय. मी धवलारीण. माज्या तोंडचा धवला हाय त्या इडोत. आयका."

वकिलाने हरकत घेतली. बाईंनी ती ऐकून घेतली आणि व्हिडिओ लावायला सांगितला. दोघा शेठांची शिवीगाळ पुन्हा सुरू झाली. "ह्यांचा आवाज नका आयकू. त्याचे खालचा आयका," मनुबाई म्हणाली. कोर्टात सगळेच कान देऊन ऐकू लागले. शिव्यांच्या खालून तो चिरका, न थांबणारा म्हातारा सूर वर आला. नवरीचं नाव आलं, मेघाली. पुढच्या ओळीत नवऱ्याचं नाव आलं.

नयन.

नयनने मान वर केली. मेघालीने समोरचा बाक घट्ट धरला.

"धवल्यात नवऱ्याचं नाव घ्यावं लागतंय," मनुबाई सांगत होती, बाईंना आणि कदाचित बाकीच्यांनाही. "ह्यांनी खडवलीचा कोन तरी सांगितलेला. खोटं नाव माज्या तोंडून निघाला नाय. ही पोर माज्या पोरासाठी चार लोकांत पिवली झाली, मंग दुसऱ्या कोनाचं नाव घ्यायचं मी? हलद खरी हाय बाय. नवरा त्यो काय, तुमचे पोलिसांनी धरून ठेवलाय."

वकील खाली बसला. न्यायाधीश बाईंनी नयनकडे पाहिलं, मग मेघालीकडे, तिच्या नखांच्या कडेला राहिलेल्या पिवळ्या रंगाकडे.

"लग्नाची तारीख ठरली आहे का?" त्यांनी विचारलं.

"तुमी सोडाल त्यो दीस," मनुबाई म्हणाली.

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला आणि नयनच्या जामिनाचा हुकूम सांगायला सुरुवात केली. नयन तो ऐकत नव्हता. तो मेघालीकडे पाहत होता, आणि आजवर सगळ्या ठाणे जिल्ह्याला बोलण्यात गुंडाळणारी मेघाली बाकाला धरून लहान पोरीसारखी रडत होती.