माझी मागची कड

मी मारुती सुताराची हत्यारपेटी बोलतेय. अस्सल सागवानी, लांबी दोन फूट, रुंदी सव्वा फूट. अंगात एकही खिळा नाही. सगळे सांधे दातांत दात बसवून केलेले. कुठल्याही कोपऱ्याला गुण्या लावून बघा, केसाचा फरक निघाला तर नाव बदलीन. हे आधीच सांगते, कारण पुढे माझी जी विटंबना झाली ती ऐकताना माझं खरं रूप तुमच्या ध्यानात असलेलं बरं.

कल्याणला एका वखारीमागच्या खोलीत मारुतीने मला घडवलं. हाताचा तो कसबी होता. एवढं मी कबूल करते, पण बाकी सगळ्या बाबतीत ठोंब्याच.

पन्नास साल उलटलं आणि लोकांना नवीनच खूळ लागलं. कपाट करायचं तर आधी कागदावर दाखवा! लाकडातलं कळत नाही, सांध्यातलं कळत नाही, आणि चित्र बघून माना डोलावतात. ठाण्यात खोपटला गोपीनाथशेठचं फर्निचरचं दुकान होतं, तिथे मारुती कामाला जाई. तिथला म्हातारा मिस्त्री वारला तेव्हा शेठ मारुतीला म्हणाले, "तुझा हात चांगला आहे रे. पण मिस्त्रीला चित्र काढता आलं पाहिजे. दसऱ्यापर्यंत शिकलास तर जागा तुझी. नाहीतर ड्रॉइंगची परीक्षा पास झालेला एक जण आहे, त्याच्या हाताखाली रंधा मार."

चाळिशीतल्या माणसाच्या हे जिव्हारी लागलं. त्याने शाळेतल्या ड्रॉइंगच्या हरिहर मास्तरांना गाठलं. मास्तर म्हणाले, "आधी पेटी काढ. पेटी जमली की कपाट जमलं, टेबल जमलं." झालं, माझे भोग सुरू झाले.

रोज संध्याकाळी मला पाटावर मांडून तो समोर बसे. बरं, बघून काढावं ना! नाही. हा उठून मला फूटपट्टीने मोजी. पुढची कड दोन फूट, मागची कड दोन फूट, म्हणून कागदावरही दोन्ही सारख्या. त्यामुळे चित्रात मी मागे फाकलेली दिसे. त्याची बायको मालन भाकरी थापता थापता डोकावली आणि म्हणाली, "अहो, ही पेटी म्हणायची की सूप?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अरे, लांबची कड डोळ्याला आखूड दिसते. तशीच काढ."

"आखूड कशी काढू, मास्तर? मीच कापलीये ती, पुरती दोन फूट आहे. उद्या लोक म्हणतील, मारुतीला मापच कळत नाही."

"माप राहू दे! दिसतं ते काढ."

"मला दोन फूटच दिसतंय."

गाढवापुढे वाचली गीता! असे ऐंशी-नव्वद कागद झाले. रद्दी म्हणून मालनने ते माझ्याच पोटात कोंबले.

दसरा चार दिवसांवर आला. मारुतीचं जेवणावरून मन उडालं. शेवटी कंटाळून त्याने कागद बाजूला सारला आणि एका पलंगाच्या फळ्या तपासायला घेतल्या. फळी डोळ्याशी धरायची, एक डोळा मिटायचा आणि बाक आहे का बघायचं, हे तो वीस वर्षं करत आला होता. त्या दिवशी एकदम ओरडला, "मालन, ही फळी पुढे निमुळती झालीये!"

रंधा उचलला. मग मोजून बघितलं, तर दोन्ही टोकं सारखी. पुन्हा बघितलं, फळी निमुळती. पुन्हा मोजलं, सारखी. वीस वर्षं एक डोळा मिटून बघणाऱ्याला डोळ्यापुढचं दिसलं नव्हतं, आता काय बोलावं!

मालन म्हणाली, "फळी खोटी नाही, फूटपट्टी खोटी नाही. मग तसं दिसतंच असेल."

मारुतीने फळी खाली ठेवली. मग एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं आणि कागद पुढे ओढला. त्या कागदावर मी उतरले, हुबेहूब. शेठ म्हणाले, "वा! झाकण उघडून आत हात घालावासा वाटतो." जागा मारुतीला मिळाली.

आता अठ्ठावन्न साल चालू आहे. मारुती मिस्त्री कानामागे पेन्सिल खोचून दिवसभर टेबलाशी बसतो. कपाटं तो काढतो आणि दुसरे ती करतात. माझं ते चित्र काचेत बसवून भिंतीला लावलंय, गिऱ्हाइकं त्याची वाहवा करतात. खरी मी टेबलाखाली आहे, माझ्यावर मिस्त्री पाय टेकतात. पोटात रंधा गंजलाय आणि त्याखाली ती जुनी सुपं पडून आहेत.

त्यांना मी फार हसले. आता हसू येत नाही. भिंतीवरच्या चित्रात माझी मागची कड दीड फूटही भरणार नाही, आणि त्याचंच कौतुक होतं. त्या वेड्यावाकड्या कागदांवर मात्र हा ठोंब्या मला मागूनही पुरतं माप देत होता.

मारुती, तुझ्यापासून मी लांब गेलेय, म्हणून लहान दिसत असेन. पाय काढ, फूटपट्टी घे आणि मोज. मी अजून दोन फूट भरते.