दुसऱ्या वर्षाची सीआर

दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात, तिथल्या कॉलेजात अन्नशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला सोल-ही नावाची मुलगी होती. पण तिला नावाने कोणी हाक मारत नसे. ती वर्गप्रतिनिधी, म्हणून सगळ्यांची ‘सीआर’.

“सीआर, वह्या कधी द्यायच्या गं?”

“सीआर, सहलीची बस ठरली का?”

दिवसभर फोन वाजायचा. चाळीस जणांची कामं उरकून वाचायला बसावं, तर डोळे मिटायला लागायचे.

रसायनशास्त्राच्या पेपराची खोली ऐनवेळी बदलली. तिने सगळ्यांना निरोप धाडला. फक्त दोंग-हाने तो वाचला नाही. सक्तीची सैन्यसेवा करून आलेला तो वर्गात सगळ्यांत मोठा. दादा चुकेल म्हणून ती जुन्या खोलीच्या दाराशी थांबली. अर्ध्या तासाने नव्या खोलीकडे धावली, तर तो दुसऱ्या बाकावर मान खाली घालून लिहीत होता.

तिचा निम्मा पेपर राहिला.

“अगं, दारावरची सूचना वाचली की मी. तू कशाला थांबलीस?” तो बाहेर म्हणाला. बाकीच्यांनी पुढच्या पेपराची खोली विचारली. सोल-ही अर्धा तास पेपराला नव्हती हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

निकाल लागल्यावर सरांनी तिला बोलावलं. “दुसऱ्यांच्या मार्कांसाठी दहादा आलीस. स्वतःसाठी कधी येणार?”

मार्चमध्ये नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं, सीआरची नवी निवड होती.

“आपली सीआर आहेच की!” टाळ्या पडल्या.

“मी नाही होणार,” सोल-ही म्हणाली.

“आता मार्कांच्या मागे लागली वाटतं बाई!” मागून कोणीतरी बोललं. सगळे हसले.

फोन गप्प झाला. पहिले काही दिवस तो बिघडलाय की काय म्हणून ती उघडून बघायची. मेसमध्ये किमची-भात घेऊन कडेच्या टेबलावर बसायची, समोरची खुर्ची रिकामीच. मग ग्रंथालय. वाचलेलं आता डोक्यात राहत होतं.

जूनमध्ये सत्र परीक्षेत ती वर्गात दुसरी आली. गुणपत्रक घेऊन बसस्टॉपवर आली, तर दोंग-हा उभा.

“दादा, दुसरी आले मी!” तिला राहवलं नाही.

“अरे वा! झकास!” तो मनापासून हसला, मग जरा अडखळला. “आता सीआर म्हणून चालायचं नाही ना... रागावू नकोस हं, तुझं नाव काय गं?”

तिने सांगितलं. त्याने ते फोनमध्ये लिहून घेतलं. बस आली, तो चढला. तिचीही तीच बस होती. पण ती पुढची येईपर्यंत बाकावर बसून राहिली.